गाव उठते तेव्हा



आपल्या वऱ्हाडात तलाठ्याच्या दप्तरात काही गावांच्या नावापुढे ‘रिठी’ असा शब्द लिहिलेला आढळतो. रिठी म्हणजे उठलेले गाव. शिवार असते, शेते असतात, पीकही निघते. पण रात्री दिवा लागत नाही. एखादी बुजलेली विहीर, मारुतीचा ओटा, चार जुन्या चिंचा एवढ्यावरून ओळखायचे की इथे एके काळी गाव होते. म्हाताऱ्या माणसांना विचारले तर कोणी सांगतो, पटकीच्या साथीत गाव उठले. कोणी सांगतो, पेंढाऱ्यांनी लुटले. कोणी सांगतो, १८९९-१९००च्या दुष्काळात माणसे पांगली ती परत आलीच नाहीत.

साथ, लूट आणि दुष्काळ ही गाव उठण्याची आपल्या ओळखीची कारणे. पण आणखी एका कारणाने गावे उठतात. कुणीतरी दूर बसून कायदा करतो, नकाशावर रेघ ओढतो, एक कागद तयार होतो, त्यावर सह्या होतात आणि माणसे बोचकी बांधून निघतात. अशा उठलेल्या गावांची हकीकत आज सांगायची आहे. त्यातली एक अमेरिकेतली आहे आणि दुसरी अकोट-अचलपूरच्या शेतातून उत्तरेला जो निळा डोंगर दिसतो, त्याच्या पोटातली. या दोन हकीकतींना बांधणारा एक धागाही आहे. तो कापसाचा आहे, म्हणून वऱ्हाडी माणसाने तो ओळखावा असे मला वाटते.

आधी अमेरिकेकडे जाऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जिथे आज जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी आणि उत्तर कॅरोलिना ही राज्ये एकमेकांना भिडतात, त्या डोंगराळ मुलखात चेरोकी नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ‘रेड इंडियन’ म्हटले की घोड्यावरचा, पिसांचा टोप घातलेला शिकारी आपल्या डोळ्यांपुढे येतो. चेरोकी तसे नव्हते. ते गावे करून राहत. मका, घेवडा, भोपळा पिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या घरी नांगर होता, माग होता, फळबागा होत्या. त्यांच्यातल्या काही श्रीमंतांनी गोऱ्यांचे पाहून मोठे मळे केले आणि आफ्रिकी गुलामही ठेवले. हेही लपवण्याचे कारण नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना मुद्दाम सांगावी अशी एक गोष्ट त्यांच्या इतिहासात आहे. सिकोया नावाचा एक चेरोकी चांदीकाम करणारा होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात हे त्याने पाहिले, आणि कित्येक वर्षे खपून १८२१ साली त्याने आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी तयार केली. आपल्या बाराखडीत ‘का’, ‘की’, ‘कु’ असे एकेक अक्षर म्हणजे एकेक उच्चार, तसे त्याचे. अशी पंच्याऐंशीच्या आसपास चिन्हे त्याने बसवली. थोड्याच वर्षांत हजारो चेरोकी लिहू-वाचू लागले. १८२७ साली त्यांनी आपली लेखी राज्यघटना केली. १८२८ साली ‘चेरोकी फिनिक्स’ नावाचे वर्तमानपत्र इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन्ही भाषांत निघू लागले. न्यू एकोटा ही त्यांची राजधानी; तिथे सभा भरे, न्यायालय बसे.

म्हणजे ‘हे लोक अडाणी आहेत, त्यांना सुधारण्यासाठी हलवले पाहिजे’ असे म्हणायला जागा नव्हती. तरीही त्यांना हलवले.

झाले ते असे. १८२८-२९च्या सुमारास जॉर्जियातल्या चेरोकी मुलखात सोने सापडले. शिवाय जमिनीवर शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांचा डोळा होताच. जॉर्जिया राज्याने चेरोकींचे राज्य आपण मानीत नाही असे जाहीर केले, आणि पुढे त्यांच्या जमिनीचे तुकडे पाडून ते सोडतीने आपल्या नागरिकांना वाटून टाकले. शेतात चेरोकी राबतोय आणि त्या शेताची चिठ्ठी दुसऱ्याच्या खिशात, असा प्रकार. वॉशिंग्टनला अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या सरकारने १८३० साली कायदा केला: मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या आदिवासी राष्ट्रांनी आपली जमीन सोडून नदीच्या पश्चिमेला जावे, आणि त्यासाठी त्यांच्याशी करार करावेत. कायद्याची भाषा सौम्य होती. त्यात ‘हाकलून द्या’ असे नव्हते. अदलाबदल म्हटले होते, मोबदला म्हटला होता.

चेरोकींनी शस्त्र उचलले नाही, ते कोर्टात गेले. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. खटला जिंकला, पण तो निकाल अमलात आणायला सरकारने हात हलवला नाही. कोर्टात जिंकून घरी हरलेला माणूस आपल्याकडेही प्रत्येक गावात सापडतो. इथे एक सबंध समाज तसा हरला.

आता या हकीकतीतला मुख्य कागद पाहा. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू एकोटाला एक करार झाला. चेरोकींनी आपला सगळा पूर्वेकडचा मुलूख द्यावा आणि त्याबदली पन्नास लाख डॉलर व पश्चिमेकडे जमीन घ्यावी, असा तो करार. त्यावर सह्या कुणी केल्या? निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस याने नाही. त्यांच्या सभेनेही नाही. ‘आता जाण्यावाचून गत्यंतर नाही, तर निदान पैसे तरी पदरात पाडून घ्यावेत’ असे मानणाऱ्या एका लहान गटाने त्या केल्या. सह्या करणारे विसाच्या आसपास. रॉसने विरोधाचा अर्ज नेला, त्यावर पंधरा हजारांहून अधिक नावे होती. चेरोकींची सगळी लोकसंख्याच सोळा-सतरा हजारांची! पण सिनेटने १८३६ साली तो करार मंजूर केला. तोही जेमतेम एका मताच्या फरकाने. कागदावर चेरोकींची संमती झाली.

दोन वर्षांची मुदत दिली होती. मे १८३८ मध्ये ती संपली तेव्हा बहुतेक माणसे आपापल्या घरीच होती. मग जनरल विनफील्ड स्कॉट सुमारे सात हजार सैनिक घेऊन आला. शेतात असलेल्याला शेतातून, चुलीपाशी बसलेलीला चुलीपासून उठवले आणि मेढेकोटांच्या छावण्यांत कोंडले. माणसे वाटेला लागतात न लागतात तोच मागे लुटारूंनी घरे लुटली. उन्हाळा कडक होता. छावण्यांत हगवण, गोवर, डांग्या खोकला पसरला. मग शरदात आणि हिवाळ्यात तांड्यामागून तांडे निघाले. काही गाड्यांतून, पुष्कळसे पायी, हजार मैलांच्या घरात. मिसिसिपीच्या काठी बर्फाने वाट अडली, तिथे उघड्यावर दिवस काढावे लागले. १८३९च्या मार्चपर्यंत शेवटचे तांडे पश्चिमेला पोचले. छावण्यांत, वाटेवर आणि पोचल्यावर मिळून सुमारे चार हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. म्हणजे दर चार माणसांत एक. जॉन रॉसची बायकोही त्यातच गेली. चेरोकींनी त्या वाटेला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘जिथे आपण रडलो ती वाट’ असा सांगतात. इंग्रजीत तिला अश्रूंची वाट म्हणतात. आणि ज्यांनी करारावर सह्या केल्या होत्या, त्यांच्यापैकी तिघा पुढाऱ्यांना १८३९च्या जूनमध्ये त्यांच्याच माणसांनी ठार मारले. एका कागदाने माणसे नुसती हलवली नाहीत, ती आतून फोडली.

हे सगळे कशासाठी? सोने हे एक कारण. पण मोठे कारण कापूस. १७९३ साली एली व्हिटनी याने अमेरिकेत सरकी काढण्याचे यंत्र केले, आणि आखूड धाग्याचा कापूस एकाएकी फायद्याचा झाला. मँचेस्टरच्या गिरण्या मागतील तितका कापूस विकला जाऊ लागला. चेरोकींप्रमाणेच क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल या राष्ट्रांनाही त्याच दशकात पश्चिमेला लोटण्यात आले. त्यांच्या अलाबामा आणि मिसिसिपीतल्या जमिनीवर कापसाचे प्रचंड मळे उभे राहिले. ते पिकवले गुलामांनी. गंमत म्हणा की दैवयोग, तिथल्या एका मोठ्या पट्ट्याला त्याच्या मातीच्या रंगावरूनच नाव पडले आहे. ती मातीही काळीच!

आता हा धागा आपल्याकडे कसा येतो ते पाहा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १८६५पर्यंत चालले. तिथला कापूस बंदरातच अडकला. मँचेस्टरचे माग थांबले. इंग्रजांनी दुसरी काळी माती शोधली, ती आपली. वऱ्हाड १८५३च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलेलेच होते. कापसाचा भाव कुठल्या कुठे गेला. अमरावती आणि खामगावचे बाजार गजबजले. १८६६ साली या भागासाठी एक खास कापूस-कमिशनर नेमला गेला. भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्याला सुबत्तेचा काळ म्हटले, तो हा.

पण या सुबत्तेची दुसरी बाजू होती. पायथ्याची कुरणे आणि झाडोरा नांगराखाली गेला. आगगाडीला स्लीपर लागत, इमारतींना सागवान लागे. मैदानातले लाकूड सरत आले, तशी सरकारची नजर डोंगराकडे वळली. १८६४ साली हिंदुस्थानात जंगलखाते निघाले, १८६५ आणि १८७८ साली वनाचे कायदे झाले. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, म्हणून त्याच्यासाठी १८८६ साली वेगळा वन-कायदा झाला. या कायद्यांनी मेळघाटच्या डोंगरावर रेघ ओढली. रेघेच्या आतले झाड सरकारचे, गवत सरकारचे, मोह-चारोळी-डिंकही सरकारच्या परवानगीने.

रेघेच्या आत माणसे होती. ती कोण, हे मी एका विद्यार्थ्याच्या तोंडून सांगतो. एकदा वर्गात मी चेरोकींची हकीकत सांगत होतो. तास संपताना मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आमचं गाव बी उठलं.’’ मी विचारले, ‘‘कोणतं गाव? कोणी मारझोड केली का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही सर. पैसे भेटले. सही घेतली.’’ मी म्हटले, ‘‘मग?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘आज्याचा मुंडा तिथंच हाये.’’

तो मुलगा कोरकू होता. मुंडा म्हणजे काय हे वर्गातल्या इतरांना ठाऊक नव्हते. कोरकूंमध्ये माणूस वारल्यावर घरचे लोक ऐपत होईल तेव्हा मोठा विधी करतात आणि मृताच्या नावाने कोरीव लाकडी खांब उभारतात. त्यावर सूर्य-चंद्र कोरतात, घोडेस्वार कोरतात. तो खांब गावाजवळ, झाडाखाली, आधीच्या पूर्वजांच्या खांबांशेजारी रोवतात. हा विधी झाल्यावर गेलेला माणूस पितरांत मिळाला असे मानतात. मुलाच्या त्या एका वाक्याचा अर्थ असा की आम्ही इकडे आलो, पण आमचा आजा तिकडेच राहिला.

‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय; कोरकू म्हणजे नुसते ‘माणसे’. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती झारखंडातल्या संथाळी-मुंडारीच्या कुळातली आहे आणि त्या कुळाचे सर्वांत पश्चिमेकडचे टोक आपल्या सातपुड्यात आहे. महादेव, सूर्य-चंद्र, गावाचा मुठवा देव ही त्यांची दैवते. गावचा पुजारी तो भुमका. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. चिखलदरा आणि धारणी हे त्यांचे तालुके. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या तिथूनच वाहत तापीला मिळतात. आपण गाविलगड-नरनाळ्याचे किल्ले पाहायला जातो, १८०३ साली इंग्रजांनी गाविलगड घेतला हे परीक्षेसाठी पाठ करतो. किल्ल्याभोवतीच्या रानात कोण राहत होते हे मात्र आपल्या पुस्तकात फारसे येत नाही.

जंगलकायद्याआधी कोरकू डोंगरउतारावरचा झाडोरा तोडून जाळीत आणि राखेत कुटकी, कोदो असले धान्य पेरीत. दोन-तीन वर्षांनी जागा बदलीत. इंग्रजांनी ही शेती हळूहळू बंद पाडली. पण सरकारला जंगलात मजूरही हवे होते: साग तोडायला, वणवा विझवायला, रस्ते राखायला. म्हणून खात्याने जंगलात ‘वनगावे’ वसवली. राहायला जागा, कसायला थोडी जमीन, आणि त्याबदली खाते सांगेल तेव्हा मजुरी. जमिनीचा मालकी पट्टा मात्र नाही. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर फिरते. ज्या माणसाला सरकारने कामासाठी जंगलात बसवले, त्याच्या हातात ‘हे घर माझे’ म्हणायला कागदच दिला नाही. पुढे याच कागदावाचून तो आपल्याच गावात परका ठरू शकत होता.

स्वातंत्र्य आले, तरी जंगलाची रेघ तीच राहिली. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. १९८५ साली मेळघाट अभयारण्य झाले, १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ साली सुमारे पंधराशे चौरस किलोमीटरचा मुलूख वाघासाठी गाभाक्षेत्र म्हणून ठरला. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे डोंगरातून उठून खाली आली. पुढच्या काळात वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी एकामागून एक नावे त्या यादीत आली. यांतली पुष्कळ माणसे अकोला जिल्ह्यातल्या अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसली. श्रावणात धारगडच्या महादेवाला जाणाऱ्या आपल्या मंडळींना ती वाट माहीत आहे. त्या वाटेवरचे गाव आता गाव राहिलेले नाही.

इथे घाई करून ‘चेरोकी आणि कोरकू म्हणजे एकच’ असे म्हणू नये. इतिहासाच्या अभ्यासकाला तुलना करताना फरकही तितक्याच प्रामाणिकपणे सांगावा लागतो. मेळघाटात फौज आली नाही, माणसांना मेढेकोटात कोंडले नाही. उलट, आपल्या कायद्याने संमतीची अट घातली. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे या कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच कबूल केले. गाव हलवायचे तर आधी लोकांचे हक्क मान्य करावेत, ग्रामसभेची मोकळी, समजून दिलेली संमती घ्यावी, आणि मगच हलवावे, असे लिहिले आहे. २००८पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये, २०२१पासून पंधरा लाख, असा मोबदला ठरला. जॅक्सनच्या कायद्यात ग्रामसभेच्या संमतीसारखी अट नव्हती.

शिवाय आपल्या खुशीने खाली आलेली माणसेही आहेत. पावसाळ्यात वाट बंद, बाळंतीण अडली तर दवाखाना कोसांवर, पोराला चौथीपुढे शाळा नाही, रानडुकरे पीक ठेवीत नाहीत. अशा गावातल्या बाईने ‘मला खाली जायचे आहे’ म्हटले तर तिला कोण नावे ठेवील? आणि वाघाचा प्रश्नही खोटा नाही. उठलेल्या गावांच्या जागी गवत वाढले, त्यावर हरीण-सांबर आले, त्यामागे वाघ आला. सिपना आणि गडगा ज्या रानातून पाणी घेतात ते रान राहिले पाहिजे, यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे.

मग साम्य कुठे आहे? ते संमतीच्या कागदात आहे. संमतीचा कागद इतिहासात हाती आला की मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. पहिला: सही कुणी केली? सगळ्या गावाने की चौघांनी? न्यू एकोटाला विसेकांनी केली आणि सोळा हजारांना चालावे लागले. दुसरा: ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का? ज्या गावात रस्ता होत नाही, वीज येत नाही, चराई बंद, डिंक गोळा करणे बंद, त्या गावाला ‘जाता का राहता’ विचारले आणि त्याने ‘जातो’ म्हटले, तर ती किती मोकळी संमती? गावात रस्ता आणि दवाखाना आधी पोचवून मग हा प्रश्न विचारला असता तर उत्तर काय आले असते? तिसरा: सही झाल्यानंतर दिलेला शब्द पाळला का?

या तिसऱ्या प्रश्नावर मेळघाटात वाद पेटला. खाली आलेल्या गावांतली माणसे जमीन, रोजगार, दवाखाना यांबाबत दिलेली आश्वासने पुरी झाली नाहीत असे म्हणत पुन्हा डोंगरात आपल्या जुन्या जागी गेली. जानेवारी २०१९ मध्ये तिथे त्यांची आणि वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांची झटापट झाली, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. कोण किती चुकले हे ठरवायचे हे स्थळ नव्हे. पण इतके तरी दिसते की ज्याला नव्या जागी नीट रुजायला मिळाले, तो माणूस बायकापोरांसह थंडीत डोंगर चढून उजाड जागेवर पाल ठोकायला जात नाही.

रोख रकमेचेही तसेच. डोंगरात घराचा गाडा पैशावर थोडा आणि रानावर जास्त चालतो. मोह, चारोळी, तेंदूपान, डिंक, रानभाजी, सरपण, छपराचे गवत यांचा हिशेब कुणी वहीत मांडत नाही. खाली आल्यावर यातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. दहा लाखांत घर बांधले, थोडे देणे फेडले, एक आजारपण निघाले, की हातात काय उरते? ज्याने कधी कापूस-तूर-सोयाबीनची शेती केली नाही, बाजारातला भाव पाहिला नाही, त्याने कोरडवाहू तुकड्यावर उभे कसे राहायचे? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा हिशेब शिकवायची गरज नाही. जन्मभर कापूस पिकवणाऱ्यांनासुद्धा तो जमताना नाकी नऊ येतात.

जंगल राखायचे तर माणूस उठवलाच पाहिजे असेही नाही. अचलपूर तालुक्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे कोरकूंचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला भोवतालच्या उजाड वनावर सामूहिक हक्क मिळाला. लोकांनी स्वतः राखण केली, चराईला आणि तोडीला नियम घातले, झाडे लावली, सीताफळाचा धंदा उभा केला. २०१४ साली त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. वाघाच्या गाभ्यातले गाव आणि पायथ्याचे गाव यांचा प्रश्न वेगळा आहे, हे खरे. पण कागद हातात आला की तोच माणूस रानाचा राखणदार होतो, हे पायविहीरने दाखवून दिले.

चेरोकींचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ते संपले नाहीत. पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमा राज्यात त्यांनी पुन्हा घरे बांधली, शाळा काढल्या, १८४४ साली पुन्हा वर्तमानपत्र काढले. काही थोडे लोक उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात मागेच राहिले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. सिकोयाची लिपी अजून शिकवली जाते. ज्यांची भाषा आणि आठवण टिकली, ते लोक घर गेल्यावरही लोक म्हणून उरले.

म्हणून शेवटची विनंती अकोट, तेल्हारा, अचलपूर, अंजनगाव या भागातल्या गुरुजींना आणि बाईंना आहे. तुमच्या वर्गात कदाचित असे एखादे मूल बसत असेल, की ज्याच्या दाखल्यावर लिहिलेले जन्मगाव आता जमिनीवर नाही. ते गप्प बसत असेल, कारण त्याला मराठी उशिरा कळते. त्याला ‘ढ’ म्हणू नका. त्याला एकदा त्याच्या जुन्या गावाचे नाव विचारा. तिथली नदी कोणती, देव कोणते, आजोबांचा मुंडा कुठल्या झाडाखाली होता, होळीला फगवा मागायला कुणाच्या दारी जायचे, हे विचारा. पाण्याला, झाडाला, आईला त्याच्या भाषेत काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला सांगा आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्या. मुले सांगतील ते एका वहीत उतरवून ठेवा, आणि वही शाळेत जपा.

शेतकरी बंधूंना सांगणे इतकेच, की तुमच्या शिवाराला लागून जी नवी वस्ती झाली आहे, तिला ‘पुनर्वसनवाले’ म्हणून मोकळे होऊ नका. पहिल्या दोन-चार हंगामांत कोणते बियाणे, केव्हा पेरणी, कोणत्या दुकानात फसवणूक होते हे सांगणारा शेजारी त्यांना मिळाला, तर सरकारी मोबदल्यात जे लिहायचे राहिले त्यातले थोडे भरून निघेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला त्याच्या गावाची हकीकत वर्गापुढे सांगायला लावली. सुरुवातीला तो अडखळला. मग त्याने खडू घेतला आणि फळ्यावर नकाशा काढला: इथे नदी, इथे आमचे घर, इथे मोहाचे झाड, इथे मुंडे. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठली नाहीत.